फोटोत आली फक्त कॉलर

मी शर्ट आहे. रंग शेवाळी. कुणी हिरवा म्हणालं तर मी भांडायला जात नाही, पण मनाला लागतं हो. हिरवा पोपट असतो, हिरवी मिरची असते, मी शेवाळी. सुती, लांब बाह्यांचा, एका खिशाचा. अंगावर ना रेघ, ना फूल, ना अक्षर. आता तुम्ही म्हणाल, या बापड्याकडे सांगण्यासारखं असणार तरी काय? आहे. भरपूर आहे. सिनेमावाल्यांच्या हातात माझा फोटो गेलाय, समजलात? म्हणजे अगदी माझा असं नाही... ते सांगतो पुढे. घाई कसली आहे?

माझा जन्म शिलाईच्या एका कारखान्यातला. लांबच लांब खोली आणि मशिनींची रांग. एकीने बाह्या जोडल्या, दुसरीने खिसा बसवला, तिसरीने काजं केली. कॉलर बसवणारी बाई फार बोलकी. शेजारणीला सुनेची गाऱ्हाणी सांगता सांगता तिने माझी कॉलर अशी बसवली, की काय बिशाद ती वाकडी होईल! सून कशी होती ते देव जाणे, पण सासूचा हात सोन्याचा होता.

पुढे दुकान. तिथे मी माणसं पाहिली. माणूस शर्ट घ्यायला आला की पहिला हात भडक रंगाकडे जातो. मग बायको त्याला आरशासमोर उभा करते, एकेक शर्ट छातीला लावून बघते, आणि तो छताकडे बघत विचारतो, "झालं का?" मला पुष्कळांनी चाचपलं. "कापड बरं आहे," म्हणायचे आणि शेजारचा जांभळा घेऊन जायचे. होता होता मी सेलच्या ढिगात जाऊन पडलो. ढिगात पडलं की आपली किंमत आपल्याला कळते, म्हणतात. मला काही कळली नाही. मला फक्त गुदमरायला झालं.

त्या ढिगातून मला ओढून काढलं ते मालकीणबाईंनी. त्या एका बेकरीत काउंटरवर असायच्या. हाताला ताज्या पावाचा वास. त्यांनी मला उजेडात धरलं, डोळे बारीक केले आणि स्वतःशीच म्हणाल्या, "यांच्या रंगाला शोभेल." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपल्याबद्दल इतकं स्पष्ट बोललं म्हणून मी हुरळून गेलो.

घरी मालकांनी मला खोक्यात पाहिलं. "वा! झकास आहे. राहू दे, कुठे जायचं झालं तर घालीन."

आणि मला कपाटात ठेवलं. कुठे जायचं झालंच नाही.

त्याला कारण होतं. मालक एका उंच इमारतीत लिफ्टमन होते. मिसरूड फुटल्यापासून तीच नोकरी. दिवसभर अंगात मरून कोट, त्याला दोन रांगांत पितळी बटणं, डोक्यावर टोपी. घरी आले की पायजमा आणि बनियन. मधलं काही नाहीच. मालकीणबाई म्हणायच्या, "यांना दोनच कातडी आहेत, एक मरून आणि एक पांढरी." कपाटात माझ्या वरच्या फळीवर लग्नातला काळा सूट होता. डांबरगोळ्या खाऊन खाऊन त्याची मती गुंग झालेली. तो मला रोज त्याच लग्नातल्या जेवणाचं वर्णन ऐकवायचा. माझ्या डोक्यावर चादरींची चळत. माझं जग तेवढंच.

पण कान होते. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत मालक इमारतीतल्या माणसांच्या नकला करायचे. तिसऱ्या मजल्यावरचे मोठे साहेब फोनवर बायकोशी कसे बोलतात आणि शिपायाशी कसे बोलतात. पाचव्यावरची बाई लिफ्टमधून उतरण्याआधी ओठ ताणून हसण्याची तालीम कशी करते. मालकीणबाई आणि लेक हसून हसून बेजार व्हायच्या. आम्ही कपाटातही हसायचो. सूट हसायचा नाही, त्याची शिवण उसवली असती.

मग एक दिवस त्या इमारतीत नव्या लिफ्ट आल्या. बटण ज्याचं त्याने दाबायचं. मालकांना एक पुष्पगुच्छ आणि एक भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं, अंगावरचा मरून कोट तेवढा राहू दिला. घरी काय करणार? दाराची बेल वाजली की दार उघडून बाजूला उभे राहायचे आणि येणाऱ्याला सवयीने म्हणायचे, "सावकाश, सावकाश." दूधवालाही गोंधळायचा. नकला हळूहळू थांबल्या. कपाटात फार शांत शांत वाटायला लागलं.

अशात एक फोन आला. सातव्या मजल्यावर एका मॅडमचं ऑफिस होतं. सिनेमांना नट शोधून द्यायचं त्यांचं काम. एकदा त्यांच्यासकट चार-पाच माणसं लिफ्टमध्ये अडकली होती. सगळ्यांचे चेहरे पांढरेफटक. तेव्हा मालकांनी त्यांना धीर द्यायला तिथल्या तिथे अख्ख्या इमारतीच्या नकला केल्या होत्या. लिफ्ट सुरू झाली तरी कुणी उतरायला तयार होईना. मॅडमनी ते लक्षात ठेवलं होतं.

"एका सिनेमात शेजाऱ्याचं काम आहे," मॅडम म्हणाल्या. "चार प्रसंग आहेत, पण चांगले आहेत. दिग्दर्शक आधी फोटो बघणार आणि त्यातून निवडून थोड्यांनाच समोर बोलावणार. मला तुमचा एक चेहऱ्याचा फोटो पाठवा. साधा. उद्या संध्याकाळपर्यंत."

फोन ठेवला. मग कपाटाच्या अगदी जवळून त्यांचा आवाज आला. "हे मला मिळायला हवं गं."

"मिळेल की," मालकीणबाई म्हणाल्या.

"तसं नाही. ऐक ना. इतकी वर्षं माणसं माझ्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. पण सगळी बघायची ते दारावरच्या आकड्यांकडे. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. एकदा, एकदाच कुणीतरी नीट बघावं, एवढंच वाटतं."

यावर मालकीणबाई काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, कारण त्यांनी नाक शिंकरलं. आणि मग कपाटाचं दार धाडकन उघडलं.

तिथून जे महाभारत सुरू झालं, ते विचारू नका!

"सूट!" मालकीणबाईंनी निकालच देऊन टाकला. "सिनेमा म्हणजे पोरखेळ आहे का? चार मोठ्या माणसांसमोर जायचं तर सूटच."

"आई, अगं शेजारी म्हणून जायचंय. सूट घालून कोण शेजारी साखर मागायला येतो?" ही लेक. मोबाइलच्या दुकानात नोकरीला, म्हणून फोटोमधलं सगळं आपल्याला कळतं अशी तिची खात्री. तिने आपला एक टी-शर्ट पुढे केला. छातीवर मोठमोठी अक्षरं.

"यात काय लिहिलंय?" मालकांनी विचारलं.

"काहीतरी चांगलंच असेल, बाबा. महागातला आहे."

तेवढ्यात मेहुणा आला. मेहुणा म्हणजे मालकीणबाईंचा धाकटा भाऊ. समारंभांत माइकवर बोलायचं त्याचं काम, आणि जिथे माइक नसेल तिथेही तो माइक असल्यासारखाच बोलायचा. त्याने पिशवीतून आपला चंदेरी टिकल्यांचा कोट काढला आणि दोन्ही हातांनी उंच धरला. "दाजी! हा चढवा अंगात! सगळ्या सभागृहाचे डोळे तुमच्यावर खिळले नाहीत, तर नाव बदलीन!"

"डोळे कोटावर खिळतील, मामा," लेक म्हणाली.

"अगं, कोटावरून वर सरकतील की हळूहळू!"

मग काय, एकेक कपडा चढवायचा, भिंतीसमोर उभं राहायचं आणि लेकीने मोबाइलवर फोटो काढायचा. सूट चढवला, पण बटण लागेना. मालकांनी पोट आत घेतलं, तेव्हा कसंबसं लागलं.

"बाबा, श्वास सोडा ना."

"सोडला तर बटण तुझ्या डोळ्यात जाईल."

त्या फोटोत मालक कुणाच्या तरी मयताला आल्यासारखे दिसत होते. चंदेरी कोटात तर चेहरा दिसलाच नाही. खाली झगझगाट आणि त्यावर एक हनुवटी. पांढरा शर्ट घातला, तर शर्ट उजळला आणि चेहरा काळवंडला. पट्ट्यापट्ट्यांचा घातला, तर मोबाइलवर पट्टे वळवळायला लागले. मालकीणबाईंना गरगरलं, त्या खाली बसल्या. टी-शर्टचा फोटो बघताना सगळ्यांनी माना वाकड्या करून अक्षरं वाचली, चेहऱ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मी चादरींच्या खालून, खोक्याच्या फटीतून हे सगळं बघत होतो. ओरडावंसं वाटत होतं, अहो, मी आहे इथे! पण शर्टाला ओरडता येत नाही. ते एक बरं आहे, नाहीतर धोब्याकडे किती कालवा झाला असता.

शेवटी मालक आत गेले आणि मरून कोट घालून आले. पितळी बटणं, टोपी, सगळं. पाठ ताठ करून भिंतीशी उभे राहिले. खरंच रुबाबदार दिसत होते. लेकीने एकच फोटो काढला.

"हाच!" मेहुणा म्हणाला. त्याचा आवाजसुद्धा खाली आला होता. "दाजी, हाच पाठवा."

पाठवला. तासाभरात मॅडमचा फोन आला. लेकीने आवाज मोठा केला.

"काका, लिफ्टमन फार छान आलाय. पण तुम्ही कुठे आहात? मी तुम्हाला ओळखते. दिग्दर्शक हा फोटो बघून म्हणतील, लिफ्टमनची गरज लागली की बोलवू. एक करा. साधा, एकाच रंगाचा शर्ट घाला. भडक नको, पांढरा नको, काही लिहिलेलं नको. आणि नीट फोटोवाल्याकडे जा, एक चांगली मुलगी आहे, पत्ता पाठवते. उद्या संध्याकाळी मला फोटो पुढे द्यायचेत. त्यानंतर माझ्याही हातात काही नाही."

मालकांनी टोपी काढली. पलंगावर कपड्यांचा ढीग होता, त्याच्या कडेला बसले.

"त्या म्हणतात ते खरं असेल," ते म्हणाले. "पण हा कोट काढला तर मागे काही उरतं का, तेच मला कळत नाही."

"उरतं की. रात्रभर घोरतं," मालकीणबाई म्हणाल्या. लेक फिसकन हसली. मालक हसले नाहीत. तेव्हा मालकीणबाई त्यांच्याशेजारी बसल्या, माझ्या बिचाऱ्या पांढऱ्या भावाच्या अंगावरच बसल्या. "अहो, इकडे बघा. मी काय त्या पितळी बटणांशी संसार केला? मला तर कोट घातलेला माणूस नीट माहीतही नाही. तो सकाळी जायचा आणि संध्याकाळी यायचा. त्याच्या आत जो होता ना, तो माझा. त्याला न्या उद्या फोटोला."

मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मेहुण्याच्याही आलं, पण तो म्हणाला, टिकली गेली डोळ्यात.

आणि मग मालकीणबाई एकदम उठल्या. "अगंबाई! तो राहिलाच की!" चादरी भराभर बाजूला झाल्या, खोकं बाहेर आलं, आणि मी उजेडात आलो. माझ्या मानेला दुकानाची चिठ्ठी अजून लटकत होती.

"हा कधी घेतला?" मालकांनी विचारलं.

"विचारू नका," मालकीणबाई म्हणाल्या. "विचारलंत तर मी रागावेन."

मी इतके दिवस घडीत राहिलेलो, त्यामुळे अंगावर चौकोनी चुण्या. मालकीणबाई खळ घालून कडक इस्त्री करायला निघाल्या होत्या. लेकीने हात धरला. "आई, कडक नको. बाबांनी हा आज घरात नुसता घालून फिरावा. अंगाला सवय होऊ दे."

अशी माझी आणि मालकांची पहिली भेट झाली. एक सांगतो, अंगावरच्या शर्टाला आपल्या माणसाचा चेहरा दिसत नाही, पण खांदे कळतात. मालकांचे खांदे वर ओढलेले होते, कुणी खुंटीला टांगल्यासारखे. उजवा हात कोपरात जरा वाकलेला, बटण दाबायच्या तयारीत. मी हळूहळू सैल झालो. त्यांनी झाडांना पाणी घातलं, मालकीणबाईंबरोबर भांडी पुसली, मेहुण्याबरोबर चहा प्यायला. मेहुण्याने कुठल्याशा समारंभात चुकीच्या नवरदेवाचं अभिनंदन केल्याचा किस्सा सांगितला, मालक खो खो हसले, आणि चहा थेट माझ्या खिशावर!

घरात हलकल्लोळ. मला ओरबाडून काढलं, थंड पाण्याखाली धरलं, साबण, लिंबू, मीठ, ज्याला जे सुचेल ते. वाळल्यावर सगळे एकमुखाने म्हणाले, "गेला डाग." गेला नव्हता. बिस्किटाएवढा होता, फिकट, पण होता. माझ्या आयुष्यातला पहिला मोठा दिवस उद्यावर आलेला, आणि मी छातीवर चहा घेऊन निघालो होतो!

दुसऱ्या दिवशी लेक दुकानात गेली. मालकीणबाईंनी बेकरीत रजा टाकली. मेहुणा तर येणारच होता, पिशवीत चंदेरी कोट घेऊन. "लागला तर असावा," म्हणाला. फोटोची खोली एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. लिफ्टने गेलो. आत शिरल्याबरोबर मालकांचा हात आपोआप पुढे गेला, पण तोवर मेहुण्याने बटण दाबलंही होतं. मालकांनी हात खाली घेतला आणि माझी बाही उगीचच नीट केली.

फोटोवाली मुलगी लेकीपेक्षा थोडी मोठी असेल. पायात मोजे, गुळगुळीत फरशीवर इकडून तिकडे घसरत जायची. तिने मालकांना आपादमस्तक न्याहाळलं, मला एकदा बोटाने सरळ केलं, डाग पाहिला आणि काहीच बोलली नाही. मी मनातल्या मनात तिचे आभार मानले.

"थोडा रुबाब हवा," मेहुणा सुरू झाला. "म्हणजे कसं, मान अशी, नजर अशी, माझ्याकडे एक कोट आहे..."

"काका, तुम्ही एक काम कराल?" तिने एक भला मोठा पांढरा बोर्ड त्याच्या दोन्ही हातांत दिला. "हा असाच धरायचा, म्हणजे उजेड चेहऱ्यावर पडतो. हलायचं नाही. बोललं की हलतो."

मेहुणा गप्प! मालकीणबाई अचंब्याने बघतच राहिल्या. त्यांना हा उपाय इतक्या वर्षांत सुचला नव्हता.

फोटो सुरू झाले. मी ताठ उभा होतो. मालकही. तिने दहा-बारा काढले आणि कॅमेऱ्याच्या मागून डोकं बाहेर काढलं.

"काका, वर काय आहे?"

"कुठे वर?"

"तुम्ही माझ्या डोक्यावर बघताय. इथे, काचेत बघा."

"बरं."

पुन्हा काढले. पुन्हा तेच. ती स्टुलावर चढली, तर मालकांची नजर आणखी वर. एका फोटोत तर नुसते डोळ्यांचे पांढरे भाग. मालकांना घाम फुटला, तो मला पाठीवर लागत होता. संध्याकाळ जवळ येत होती. काळीज असं धडधडत होतं की माझं दुसरं बटण हलत होतं.

"मला जमत नाही," मालक पुटपुटले. "मुली, तुझा वेळ गेला."

"अहो," कोपऱ्यातून मालकीणबाई म्हणाल्या, "तुम्ही मजले बघताय."

फोटोवालीने कॅमेरा खाली घेतला. मग मालकांनीच फोटोवालीला सांगितलं. लिफ्टमध्ये दाराच्या वर आकडे लागतात. लिफ्टमनने कुणाकडे टक लावून बघायचं नसतं, लोकांना अवघडल्यासारखं होतं. नजर वर ठेवायची. नोकरीच्या पहिल्या दिवशी तेच शिकवलं होतं. ती सवय गेलीच नाही.

"मग माणसं कधी बघितलीच नाहीत तुम्ही?" तिने विचारलं. "मॅडम तर म्हणाल्या, तुम्ही सगळ्यांच्या नकला करता."

मालक ओशाळले. "बघायचो. चोरून. दारं चकचकीत पत्र्याची होती. त्यात सगळी दिसायची."

"आणि तुम्ही?"

"मी?"

"त्या पत्र्यात तुम्हीही दिसत असाल ना."

"दिसत असेन," मालक म्हणाले. "कधी लक्ष दिलं नाही."

ती कॅमेरा घेऊन अगदी जवळ आली. "ही काच पण चकचकीत आहे. हिच्यात बघा कोण दिसतंय. आरामात. मी काही करत नाही."

मालक वाकले. माझी कॉलर त्यांच्या गालाला लागली. "एक माणूस दिसतोय," ते म्हणाले. "बारीकसा. शेवाळी शर्ट घातलेला."

शेवाळी म्हणाले हो! हिरवा नाही म्हणाले!

"कसा आहे?"

मालकांनी आणखी निरखून पाहिलं. वाटलं, आता नक्कल करतील. पण नक्कल केली नाही. तिसऱ्या मजल्यावरचे साहेब नाही, पाचव्यावरची बाई नाही, कुणीच नाही. माझ्या आतले ते वर टांगलेले खांदे हळूच खाली आले. अगदी खाली. मला माझ्या शिवणींमध्ये एकदम जागा झाली.

"अरे," मालक म्हणाले, "बरा आहे की हा!"

आणि हसले. तिने तेवढ्यात काढला.

संगणकाच्या पडद्यावर फोटो आला. सगळे पुढे झाले, मी तर सगळ्यात पुढे, मालकांच्या अंगावरच होतो ना! बघतो तर काय, पडदाभर चेहरा. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, एक पांढरी भुवई, ओठांवर आत्ताच आलेलं हसू. आणि मी? खाली कोपऱ्यात दोन बोटं कॉलर. बस्स! खिसा नाही, डाग नाही, बाह्या नाहीत. सूट, कोट, टी-शर्ट, लिंबू, मीठ, एवढा आटापिटा केला आणि फोटोत आली फक्त कॉलर!

"हे काय?" मेहुण्याला आता बोर्ड खाली ठेवायची परवानगी मिळाली होती. "शर्ट तर दिसतच नाही! मग आपण कालपासून कशासाठी डोकेफोड केली?"

"शर्ट दिसत नाही हे तुम्हाला आत्ता, मुद्दाम बघितल्यावर कळलं ना?" फोटोवाली म्हणाली. "म्हणजे शर्ट बरोबर आहे."

मी क्षणभर खट्टू झालो, खोटं का बोलू. पण मालकीणबाई पडद्यासमोर उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, मालकांकडेही बघत नव्हत्या, पडद्याकडे बघत होत्या. "हाच," त्या म्हणाल्या. "घरी असतो तो." आणि पदार्थ भाजून झाला का हे बघताना बेकरीत करत असतील तशी त्यांनी समाधानाने मान हलवली. माझा रुसवा तिथेच संपला.

संध्याकाळी फोटो गेला. नंतरचे दिवस घरात कुणी मोठ्याने फोन वाजू देईना आणि कुणी बंदही करू देईना. दाराची बेल वाजली तरी मालक सगळ्यांच्या आधी दारात. मग एकदा मॅडमचा फोन आला. दिग्दर्शकांनी फोटोंच्या गठ्ठ्यातून मालकांचा उचलला होता आणि विचारलं होतं, "हा माणूस कोण आहे? याला बोलवा." लेकीने किंचाळून शेजाऱ्यांना बाहेर काढलं. मेहुण्याने जिन्यातच भाषण केलं, आणि खरं सांगायचं तर चांगलं केलं.

समोर बोलावलं तेव्हाही मीच अंगात होतो. मालकांनी तिथे दिलेली वाक्यं म्हटली. एक वाक्य विसरले, तेव्हा घाबरून वर बघितलं. मी श्वास रोखला. मग त्यांनी नजर खाली आणली, समोरच्याच्या डोळ्यांत बघितलं आणि आपलं वाक्य स्वतःच जुळवून म्हटलं. दिग्दर्शक म्हणाले, "हेच ठेवू."

आता मी कुठून बोलतोय ते सांगतो. शूटिंग चाललंय एका जुन्या बंगल्यात. त्याच्या मागच्या खोलीत कपडेपट आहे. आज सकाळी मालक मोठ्या दिमाखात मला घालून आले. मला वाटलं, आता खरी मजा, सिनेमात आपण! तर कपडेपटातली बाई आली, माझ्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, "हा काढा." तिने मालकांना एक विरलेला करडा स्वेटर दिला, कोपरावर रफू केलेला. मालकांनी माझी बटणं वरून खाली सावकाश काढली. घडी घालू लागले, मग थांबले आणि मला दाराच्या हुकावर नीट टांगलं. कॉलर सरळ केली. "बस इथे," म्हणाले. "आलोच."

इथे शेजारी पोलिसाचा कोट आहे, नवरीचा झगा आहे, एका श्रीमंत म्हाताऱ्याचं जाकीट आहे. ते मला विचारत होते, तू कुठल्या प्रसंगातला? मी म्हटलं, मी कुठल्याच प्रसंगातला नाही. मी यांना दारापर्यंत आणलं. ते जरा नाकं मुरडतात, मुरडू देत. कपड्याने शेवटपर्यंत अंगावरच राहिलं पाहिजे असं कुठे आहे? माझं काम मला काढून ठेवलं तिथे पुरं झालं. मालकीणबाई आणि लेक दोरीच्या पलीकडे खुर्च्यांवर बसल्यात. मेहुण्याच्या हातात इथेही कुणीतरी एक बोर्ड दिलाय.

तुम्हालाही कधी असा फोटो काढायचा असला, तर माझं एवढं ऐका. शर्ट साधाच घाला, आणि त्याची काळजी फार करू नका. त्याला सांभाळून घेता येतं.

दाराच्या फटीतून मला मालक दिसतायत. करड्या स्वेटरात, साखरेची वाटी हातात घेऊन दुसऱ्या कुणाच्या तरी दारात उभे. दिग्दर्शक म्हणाले, "कॅमेरा जवळ घ्या. मला फक्त यांचा चेहरा हवाय." इतकी माणसं, इतके दिवे, आणि सगळे एकाच ठिकाणी बघतायत. कुणाच्याही डोक्यावर आकडे नाहीत. मालकांचे खांदे खाली आहेत, मला इथूनसुद्धा कळतं.

"सायलेन्स!" ओरडला कुणीतरी. म्हणजे आता माझंही तोंड बंद. चला. माझ्याकडे बघू नका, तिकडे बघा. त्यांच्याकडे बघा.